डोशातले काळे कण आणि भाकरीचा तवा: एका घरातल्या चार नॉनस्टिक भांड्यांची तपासणी

नाशिकला माझ्या मावसबहिणीचं घर आहे. घरात ती, तिचा नवरा, तिसरीतली मुलगी आणि सासूबाई. त्यांना मी काकू म्हणते. भांडी घासायला मावशी येतात. हे प्रकरण त्या घरातल्या चार नॉनस्टिक भांड्यांचं: डोशाचा जुना तवा, एक खोलगट कढई, आप्पेपात्र आणि त्यातल्या त्यात नवा असा एक जाड बुडाचा तवा.

तक्रार बहिणीची होती. डोशाच्या पाठीला काळे कण चिकटून येतात, म्हणजे कोटिंग पोटात जातंय, आणि कोटिंगने कॅन्सर होतो. मे २०२४ मध्ये आयसीएमआर आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने आहाराच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात नॉनस्टिकबद्दल थोडक्यात लिहिलंय. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरता फिरता त्या मजकुराचं 'आजच फेकून द्या' झालं होतं. बहिणीने चारही भांडी गोणीत भरली, काकूंनी ती परत बाहेर काढली. "एक ओरखडा दाखव मला तव्यावर. लाकडी उलथण्याशिवाय काही लावू देत नाही मी कुणाला."

काकूंचं बोलणं पोकळ नव्हतं. १९६८ मध्ये औरंगाबादेत निर्लेप सुरू झालं आणि नंतर कित्येक वर्षं मराठी घरांत नॉनस्टिक म्हणजे निर्लेपच. काकू त्या पिढीच्या. तार लावायची नाही, मऊ घासणी, लाकडी उलथणं, भांड्यात भांडं घालून ठेवायचं नाही, हे नियम त्यांच्या अंगवळणी पडलेले. आच मंद ठेवा, हाही नियम खोक्यावर छापलेला असतो. तो मात्र कुणी फारसा मनावर घेत नाही, आणि या घरात नेमकी तिथेच गोम होती.

धातूवरचं कोटिंग हे माझं रोजचं काम. थर का सुटला, कुठून सुटला, हे शोधण्यातच दिवस जातो. म्हणून दोघींनी मला मध्ये घातलं. पाहणीला बसण्याआधी एक गोष्ट दोघींनाही सांगितली: भांडं झिजलंय का आणि भांडं घातक आहे का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दोघीही त्यांचं एकच उत्तर शोधत होत्या, म्हणून भांडण मिटत नव्हतं.

तव्यावरचं ते काळं अस्तर म्हणजे पीटीएफई, टेफ्लॉन या नावाने जगभर पोचलेलं. अ‍ॅल्युमिनिअमचा पत्रा आधी खरखरीत करून घेतात, त्यावर प्रायमर, वर एक-दोन थर, आणि मग भट्टीत भाजून सगळं पक्कं करतात. सगळे थर मिळून जाडी साधारण २० ते ४० मायक्रॉन, म्हणजे डोक्याच्या केसापेक्षा कमी. पीटीएफई कशालाच धरून राहत नाही, हा त्याचा गुण. त्याला धातूवर धरून ठेवण्याचं अवघड काम प्रायमर करतो. प्रायमरने हात टेकले की थर पापुद्र्यासारखा सुटतो. वरचा थर नुसता झिजला तर पापुद्रे निघत नाहीत. चकाकी जाते आणि डोसा चिकटायला लागतो.

आता एकेक भांडं.

डोशाचा तवा दिसायला सगळ्यात वाईट होता. कडेने तपकिरी-काळं चिकट कडं, मधला भाग फिका. बहिणीच्या डोळ्यांसमोर होता तो हाच. मी तव्याआधी ते काळे कण पाहिले. ताज्या डोशावरचे काही कण पांढऱ्या बशीत काढले आणि बोटाने चिरडले. त्यांची काळी पूड झाली, बोटाला काजळी लागली. कोटिंगचा तुकडा असा वागत नाही. तो पातळ आणि लवचिक असतो, नखाने दुमडला तर दुमडतो, भुगा होत नाही आणि बोटाला रंग सोडत नाही. बशीतलं होतं ते जळलेलं तेल आणि पीठ.

आलं कुठून, ते कडेला हात लावल्यावर कळलं. डोसा घातला की भोवतीने तेल सोडायचं, ही सगळ्यांचीच सवय. ते तेल कडेला वाहतं, तिथे ज्वाळा बाहेरून चाटत असते, आणि दर वेळी थोडं थोडं तेल तापून घट्ट होत जातं. घासताना हात मधेच फिरतो. काही महिन्यांत तिथे किटण धरतं आणि मग त्याचेच कपचे डोशावर येतात. तव्यात पाणी आणि दोन चमचे खाण्याचा सोडा घालून मंद आचेवर दहाएक मिनिटं ठेवलं, कोमट झाल्यावर लाकडी उलथण्याने कड खरवडली. चहासारखं पाणी निघालं आणि खालून चक्क काळी, चकचकीत कड वर आली. काकूंनी विजयी मुद्रेने बहिणीकडे पाहिलं.

मधला भाग मात्र खरोखर झिजला होता. पाण्याचा थेंब टाकून बघितला: कडेला थेंब गोल राहून घरंगळला, मध्ये पसरून बसला. इंटरनेटवर जो तो तेल न लावता अंडं घालून बघा म्हणतो. या घरात अंडं चालत नाही, म्हणून बेसनाचं धिरडं घातलं. कडेने अलगद सुटलं, मध्ये धरून ठेवलं. पण कुठे चंदेरी धातू दिसत नव्हता, फोड नव्हते, नख अडकत नव्हतं. म्हणजे तवा म्हातारा झालाय, आजारी नाही. चमचाभर तेल लावून मध्यम आचेवर धिरडी, घावन, आंबोळ्या करायला हरकत नाही. धातू दिसू लागला किंवा पापुद्रा सुटला की काढून टाकायचा.

कढईचं उलट. वरवर बरी दिसते, म्हणून तिच्याबद्दल कुणीच काही बोललं नव्हतं. वास्तुशांतीच्या आहेरात आलेली, खाली कसलाही शिक्का नाही. खिडकीशी नेऊन तिरकी धरल्यावर बुडाला तांदळाच्या कणीएवढे फोड दिसले. मूठ बसवलेल्या रिबिटांभोवती थर उचलला गेला होता आणि खाली पांढरट पडलेलं अ‍ॅल्युमिनिअम दिसत होतं. तिथे चिकटपट्टी घट्ट दाबून झटक्याने ओढली, तर पट्टीला काळे पापुद्रे लागून आले. या खऱ्या पापुद्र्यांकडे घरात कुणाचंच लक्ष गेलं नव्हतं, कारण ते काळ्या मसाल्याच्या आमटीत दिसत नाहीत!

फोड का आले ते विचारपूस केल्यावर कळलं. आमटी, टोमॅटोचं सार, कोकम घातलेली भाजी याच कढईत व्हायची आणि उरलेली कढईसकट फ्रिजमध्ये जायची. थराला डोळ्यांना न दिसणारी छिद्रं असतातच. मीठ आणि आंबट पाणी रात्रभर त्यांतून खाली झिरपतं, धातूला खातं, आणि पुढच्या वेळी कढई तापली की खालचं पाणी वाफ होऊन थर उचलतं. एकदा फोड आला की तो परत बसत नाही. ही कढई कोणत्याही घासण्याने किंवा सोड्याने सुधारणारी नव्हती.

घातक किती? पोटात गेलेले डोळ्यांना दिसतील एवढे पापुद्रे शरीर पचवत नाही आणि शोषतही नाही, ते तसेच बाहेर पडतात. फार बारीक कणांचा विषय वेगळा आहे. ऑस्ट्रेलियातल्या न्यूकॅसल आणि फ्लिंडर्स विद्यापीठांच्या संशोधकांनी २०२२ मध्ये दाखवलं की अशा थरावरच्या एका चिरेतून सुमारे ९,१०० सूक्ष्म कण सुटू शकतात, आणि थर फाटलेला असेल तर लाखांच्या घरात. शिवाय उघड्या अ‍ॅल्युमिनिअमवर चिंच-कोकम उकळणं हा आणखी एक भाग. अ‍ॅल्युमिनिअमसाठी आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समितीने २०११ मध्ये ठरवलेली मर्यादा आठवड्याला, शरीराच्या दर किलो वजनामागे २ मिलिग्रॅम अशी आहे. एका आमटीने ती ओलांडली जाईल असं अजिबात नाही. पण रोज आंबट शिजवायचं आणि थर सुटतोय हे दिसत असताना शिजवायचं, याला काही कारण तर हवं. कढई बाद.

आप्पेपात्राचं थोडक्यात: आप्पे उलटायला स्टीलची टोकदार सळई वापरली जायची, त्यामुळे प्रत्येक वाटीत बारीक चरे. दोन वाट्यांत धातू लुकलुकत होता, बाकीच्या ठीक. बांबूची काडी घ्या, वापरताना त्या दोन वाट्याही रिकाम्या ठेवू नका (रिकामी वाटी जास्त तापते), आणि पुढच्या खेपेला बिडाचं घ्या, असं सांगून मी पुढे गेले.

चांगला दिसणारा तवा

आता काकूंचा अभिमान. जाड बुडाचा तवा, खरंच एकही ओरखडा नाही. दुकानात ठेवला तर विकला जाईल असा. काकूंच्या मनगटाला बिडाचा तवा झेपेना म्हणून हा घेतला, आणि ज्वारी-बाजरीच्या भाकऱ्या यावर सुरू झाल्या.

मी त्याच्यावर पाणी शिंपडलं. मधोमध, बर्नरच्या आकाराच्या वर्तुळात थेंब पसरून बसले. त्या वर्तुळात चकाकी गेली होती, रंग किंचित तपकिरी झाला होता. ओट्यावर ठेवून एका कडेला बोट दाबलं तर तवा डुगडुगला. स्टीलची पट्टी आडवी धरली तर मध्ये फुगवटा. मुठीच्या मुळाशी, जिथे ती तव्याला स्क्रूने जोडलेली, प्लास्टिक करपून भेगाळलं होतं. हे सगळं एकच गोष्ट सांगत होतं: हा तवा पुन्हा पुन्हा त्याच्या पेलण्यापलीकडे तापलाय.

मग लक्षात का आलं नाही? कारण भाकरी चिकटतच नाही. पिठावर थापलेली भाकरी लोखंडाला धरत नाही, मातीच्या परळाला धरत नाही, ती निकामी झालेल्या नॉनस्टिकला तरी कशाला धरेल? या तव्यावर डोसा घातला असता तर पहिल्या महिन्यातच बोंब झाली असती.

काकूंना म्हटलं, नेहमीसारख्या भाकऱ्या करा, मी नुसती बघते. मोठ्या बर्नरवर, पूर्ण आचेवर तवा ठेवला आणि त्या पीठ मळायला बसल्या. थापून होईपर्यंत तवा रिकामा. भाकरी पडली, वरून पाण्याचा हात फिरला, तेवढ्यापुरता तवा थोडा निवला. उलटली, भाजली, आणि फुगवायला शेजारच्या बर्नरवर थेट जाळावर गेली. तवा मागे तसाच, रिकामा, पूर्ण आचेवर, पुढची भाकरी थापून होईपर्यंत. शेवटची भाकरी झाली की तापलेला तवा तसाच नळाखाली, चर्रर्र. तो फुगवटा आला तो या नळामुळे.

माझ्याकडे तापमान मोजायची इन्फ्रारेड बंदूक असते. (काळ्या थरावर ती भरवशाचा आकडा देते, उघड्या चकचकीत अ‍ॅल्युमिनिअमवर फसवते, तापलेलं भांडंही गार दाखवते. घरी वापरणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.) डोशाच्या वेळी जुन्या तव्यावर २०० च्या आतबाहेर आकडा होता. भाकरीचा तवा रिकामा असताना चार-पाच मिनिटांत २६० अंश ओलांडून गेला आणि थांबायचं नाव घेईना, तेव्हा मी गॅस बंद केला.

२६० हा आकडा महत्त्वाचा. तिथपर्यंत पीटीएफई शांत असतं. त्यापुढे थर खराब व्हायला लागतो, ३२७ ला ते वितळतं आणि ३५० च्या पुढे तुटून विषारी वायू सोडतं. आयसीएमआरच्या सूचनांमध्ये १७० अंशांपासूनच धोक्याचा इशारा आहे. मला तो आकडा फार खाली वाटतो, कारण साधा डोसाही त्याच्या वर जातो. पण त्याच सूचनांमधलं पुढचं वाक्य शंभर टक्के बरोबर आहे: रिकामं भांडं बराच वेळ आचेवर राहिलं की हे घडतं. घरात थर्मामीटर नसेल तर तेल हाच मोजमाप. तव्यावरचं शेंगदाण्याचं रिफाइंड तेल धुरावलं, म्हणजे तुम्ही साधारण २३० च्या आसपास आहात, आच कमी करा. रिकाम्या तव्यात धूर सोडायला तेलच नसतं, म्हणून तो इशारा न देता वर जातो.

आणि मग भाची मध्येच म्हणाली, "मावशी, आमचे पक्षी पण किचनजवळच होते."

कोरड्या बाल्कनीत, स्वयंपाकघराच्या दाराला लागून, पिंजऱ्यात बजरीगरची जोडी होती. एका दुपारी दोन्ही पक्षी तासाभराच्या अंतराने मेले. घरच्यांनी उन्हाला दोष दिला. खोदून विचारलं तेव्हा काकूंना आठवलं, त्या दिवशी तवा तापत ठेवला आणि सिलिंडरवाला आला. पावती, सुटे पैसे, गळती तपासणं यात वेळ गेला, परत आल्या तेव्हा घरात काहीतरी उग्र वास होता. आवाज फार करते म्हणून ओट्यावरची धूर ओढणारी चिमणी बंद. पक्ष्यांच्या फुप्फुसांतून हवा एकाच दिशेने वाहते, श्वासागणिक ती फार कार्यक्षमतेने शोषली जाते, त्यामुळे माणसाला नुसता घसा खवखवावा एवढ्या वायूने पिंजऱ्यातला पक्षी जाऊ शकतो. पशुवैद्यांना हे अनेक दशकं माहीत आहे. त्या जोडीचं शवविच्छेदन झालं नाही, त्यामुळे तव्यावर गुन्हा सिद्ध झाला असं मी म्हणणार नाही. ऊनही असू शकतं. पण तवा, वास, बंद चिमणी आणि दोन पक्षी एकाच तासात, हे जुळतं.

माणसांत याचा त्रास फ्लूसारखा दिसतो: काही तासांनी थंडी-ताप, छातीत जडपणा, खोकला, आणि एक-दोन दिवसांत उतरतो. पॉलिमर फ्यूम फीव्हर म्हणतात. उतरतो म्हणून कुणी तव्याशी त्याची सांगड घालत नाही. त्या संध्याकाळी तुम्हाला काही झालं होतं का, असं काकूंना विचारलं. "रोजच काहीतरी दुखतं, कुठलं आठवू?"

कॅन्सरची भीती

बहिणीचा मूळ प्रश्न शिल्लक होता. तिची भीती पीएफओए या रसायनाची. ते पीटीएफई बनवताना कारखान्यात वापरलं जायचं. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियातल्या पार्कर्सबर्गजवळच्या ड्यूपाँटच्या कारखान्यातून ते पाण्यात गेलं आणि तिथून पुढे मोठं न्यायालयीन प्रकरण उभं राहिलं. २००६ मध्ये अमेरिकी पर्यावरण संस्थेने आठ कंपन्यांना बरोबर घेऊन ते २०१५ पर्यंत बंद करण्याचा कार्यक्रम आखला. २०१९ मध्ये ते टिकाऊ घातक रसायनं हद्दपार करण्याच्या स्टॉकहोम या जागतिक कराराच्या यादीत आलं, आणि २०२३ च्या शेवटी जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने त्याला माणसात कॅन्सर करणाऱ्यांच्या पहिल्या गटात टाकलं. म्हणजे भीती हवेतली नाही. पण ती मुख्यतः कारखान्याशेजारी राहणाऱ्यांची आणि पाण्याची गोष्ट आहे. भट्टीत भाजून निघालेल्या तव्यावर त्याचा अंश नाममात्र उरतो.

यातून एक उलटी फसगत होते, आणि बहीण त्यात सापडली होती. भाकरीच्या तव्याच्या खोक्यावर 'पीएफओए-मुक्त' असं ठळक लिहिलेलं, म्हणून तिच्या हिशेबी चारांत तोच सुरक्षित. त्या शिक्क्याचा अर्थ एवढाच की बनवताना ते रसायन वापरलेलं नाही. वरचा थर पीटीएफईच आहे, आणि तो तापवला तर पूर्वीसारखाच तुटतो. मुक्त लिहिलेला तवा जाळावर रिकामा ठेवायला मोकळीक नसते.

शेवटी असं ठरलं. भाकरीचा तवा आणि कढई घरातून बाहेर. डोशाचा तवा आणि आप्पेपात्र राहणार, मध्यम आचेवर आणि कधीही रिकामं न तापवता. रवा, शेंगदाणे, सुकं खोबरं, पापड, म्हणजे जे जे कोरडं भाजायचं ते नॉनस्टिकवर नाही. काकूंच्या मनगटासाठी ओतीव बिडाऐवजी पत्र्याचा लोखंडी तवा आणला, तो बराच हलका असतो. पहिल्याच आठवड्यात मावशींनी घासून ओला ठेवला आणि तो गंजला. काकूंनी चिंच लावून घासला, तेलाचा हात दिला, आता बरा चाललाय. कढईसाठी स्टीलची तीन थरांची आली. अ‍ॅल्युमिनिअम आणि स्टीलच्या भांड्यांना २०२४ च्या सरकारी आदेशाने आयएसआय चिन्ह सक्तीचं झालं आहे, त्या मानकात नॉनस्टिक अ‍ॅल्युमिनिअमही येतं, त्यामुळे आहेरात काहीही येवो, आधी बूड पालथं करून बघायचं असं काकूंनीच जाहीर केलं.

बहिणीला सिरॅमिक कोटिंगचा तवा घ्यायचाय. त्यात पीटीएफई नसतं, त्यामुळे तो वायूचा प्रश्न नाही, पण त्याचा निसरडेपणा लवकर जातो. मी घेऊ नको म्हटलेलं नाही.

एकाच मुद्द्यावर मी अडून बसले. बहीण म्हणाली, कढई मावशींना देऊन टाकते, त्या वापरतील. आपल्याकडे बाद झालेलं नॉनस्टिक बहुतेक वेळा याच वाटेने जातं. मुलीच्या पोटात नको म्हणून काढलेली कढई दुसऱ्या घरातल्या मुलांसाठी कशी चालेल? तिच्या नवऱ्याने दोन्ही भांड्यांच्या बुडाला खिळा ठोकून भोक पाडलं आणि मग ती अ‍ॅल्युमिनिअमच्या भावाने भंगारवाल्याला दिली.